पाच मिनिटं आणि पंधरा वर्षं

अहमॉड आर्बरी या पंचवीस वर्षांच्या तरुणाचा पाठलाग जेमतेम पाच मिनिटं चालला. २३ फेब्रुवारी २०२०, रविवारची दुपार. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यालगत ब्रन्सविक नावाचं गाव आहे, त्याच्या बाहेर सटिला शोअर्स ही वस्ती. मागे दोन पिकअप ट्रक, त्यांत तीन गोरे पुरुष, त्यांतल्या दोघांच्या हातात शस्त्रं. पुढे धावणारा कृष्णवर्णीय मुलगा एकटा आणि रिकाम्या हातांचा. त्या पाच मिनिटांपासूनच सुरुवात केली तर ही तीन माणसांच्या क्रूरपणाची हकिकत होते. पण या घटनेत तिघांखेरीज एक आख्खं राज्यही सामील आहे. त्यासाठी घड्याळाचे काटे बरेच मागे फिरवावे लागतात.

ऑक्टोबर २००४: पंधरा वर्षं चार महिने आधी

जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा हेट क्राइम कायदा एकमताने रद्द केला. २००० साली झालेल्या या कायद्यात म्हटलं होतं, की पक्षपात किंवा पूर्वग्रहापोटी माणूस हेरून गुन्हा केला असेल तर मूळ शिक्षेवर पाच वर्षांपर्यंत वाढीव शिक्षा देता येईल. पूर्वग्रह कोणाविरुद्धचा, हे मात्र त्यात लिहिलेलंच नव्हतं. मंजुरीच्या ओढाताणीत वंश, धर्म, लैंगिक कल ही यादी गळून पडली होती आणि दोन मोघम शब्द तेवढे उरले होते.

न्यायमूर्तींनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. प्रतिस्पर्धी संघाची टोपी घातली म्हणून कोणाला धमकावणारा क्रीडावेडाही यात बसेल, विरोधी उमेदवाराचे फलक विद्रूप करणारा प्रचारकही बसेल. मग या कायद्याला अर्थ काय राहिला? समोरचा खटला होता अटलांटा शहरात दोन कृष्णवर्णीय भावांना मारहाण करणाऱ्या गोऱ्या जोडीचा. त्यांची वाढीव शिक्षा गेली. न्यायालय चुकलं असं मला वाटत नाही. असा सैल कायदा कुठल्याही न्यायालयात टिकला नसता. दोष ज्यांनी तो सैल केला त्यांचा, आणि त्याहून मोठा दोष नंतर स्वस्थ बसलेल्यांचा. दुरुस्ती एका परिच्छेदाची होती. यादी लिहून काढायची होती. तेवढ्याला जवळजवळ सोळा वर्षं गेली.

मार्च २०१९: वर्षभर आधी

राज्याच्या प्रतिनिधीगृहाने ९६ विरुद्ध ६४ मतांनी नवं विधेयक मंजूर केलं. क्रमांक ४२६. पुढाकार रिपब्लिकन चक एफस्ट्रेशन यांचा, सोबत डेमोक्रॅट कॅल्विन स्मायर. या वेळी यादी होती: वंश, वर्ण, धर्म, मूळ देश, लिंग, लैंगिक कल, शारीरिक वा मानसिक अपंगत्व. विधेयक सिनेटकडे गेलं, तिथल्या समितीच्या फाइलींत जाऊन पडलं आणि वर्ष उलटलं तरी जागचं हललं नाही. त्या घटकेला अमेरिकेत असा कायदा नसलेली राज्यं चारच होती: जॉर्जिया, साउथ कॅरोलायना, आर्कान्सा आणि वायोमिंग.

विरोधकांचा आक्षेप सगळीकडे एकच असतो आणि तो वरवर पाहता पटतोही. खून तो खून. मारणाऱ्याच्या मनात काय होतं याची वेगळी शिक्षा कशाला? खुनाला जन्मठेप आहेच, त्यावर आणखी दोन वर्षं चढवून काय साधणार? शिक्षेच्या आकड्यापुरतं पाहिलं तर हे बरोबर आहे. पण असा कायदा तपास अधिकाऱ्याला एक प्रश्न विचारणं भाग पाडतो: हाच माणूस का निवडला? कायद्यात तो प्रश्न नसेल तर फाइलीतही येत नाही, आणि फाइलीत नसलेली गोष्ट न्यायालयापुढे यायची वाटच बंद होते.

आपल्याला हे नवं नाही. २००६ साली खैरलांजीत झालेल्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडात भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू केला नाही. सूडाचं प्रकरण ठरलं. नंतर नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी दिली, तरी जात बाहेरच राहिली. शिक्षा कडक झाली होती, आणि तरीही महाराष्ट्रातले हजारो लोक का अस्वस्थ राहिले, हे ज्याला कळतं त्याला या विधेयकाचं मोल वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ऑक्टोबर २०१९: चार महिने आधी

सटिला शोअर्समध्ये एक घर अर्धवट बांधून पडलं होतं. दारं नाहीत, खिडक्या नाहीत, नुसता लाकडी सांगाडा. मालक लांब राहायचा. हालचाल झाली की चित्रीकरण करून त्याच्या फोनवर पाठवणारे कॅमेरे त्याने बसवले होते. आर्बरी त्यात पहिल्यांदा याच महिन्यात दिसतो. तो आईबरोबर दोनेक मैलांवर राहायचा. शाळेत फुटबॉल खेळलेला, धावायची सवय अंगात भिनलेली. इलेक्ट्रिशियन व्हायचं मनात होतं. पुढच्या चार महिन्यांत तो त्या घरात आणखी काही वेळा येतो, इकडेतिकडे बघतो, निघून जातो. एकाही चित्रीकरणात त्याने काही उचललेलं दिसत नाही. पाणी प्यायला थांबत असावा, असं घरमालकाच्या वकिलांनी नंतर सांगितलं.

त्याच कॅमेऱ्यांत इतर लोकही आहेत. एक गोरं जोडपं आहे, पोरं आहेत. उघडं घर दिसलं की माणसं डोकावतात. आपणही नव्या बांधकामात शिरून 'ही खोली केवढी असेल' म्हणत फिरतोच. त्या जोडप्याच्या मागे ट्रक घेऊन कोणी निघालं नाही.

२० डिसेंबर २०१९: नऊ आठवडे आधी

एका पोलीस अधिकाऱ्याने घरमालकाला फोनवर संदेश पाठवला: तुमचे शेजारी ग्रेग मॅकमायकल निवृत्त पोलीस आहेत, कॅमेऱ्यात हालचाल दिसली तर त्यांना कळवा, दिवसा असो की रात्री. ग्रेग पूर्वी ग्लिन काउंटीच्या पोलिसांत होता. पुढे जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयात वर्षानुवर्षं तपासनीस होता आणि त्याच वर्षी निवृत्त झाला होता. निवृत्त माणसाच्या हाती गस्तीचं काम असं एका संदेशाने आलं.

११ फेब्रुवारी २०२०, संध्याकाळी साडेसात: बारा दिवस आधी

ग्रेगचा मुलगा ट्रॅव्हिस याने ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन केला. धाप लागलेली. त्या घरात कोणी शिरलंय, काळा माणूस आहे. नवीन वर्षाच्या दिवशी ट्रॅव्हिसच्या ट्रकमधून, ट्रकला कुलूप नसताना, त्याचं पिस्तूल चोरीला गेलं होतं. ते कोणी नेलं याचा पत्ता नव्हता, पण संशयाला एक चेहरा मिळाला. पोलीस आले, टॉर्च घेऊन घर फिरले, कोणी सापडलं नाही. आर्बरी भेटला तर पुन्हा इथे येऊ नकोस अशी समज द्यायची, एवढाच पोलिसांचा बेत होता, हे संबंधित अधिकाऱ्याने पुढे साक्षीत सांगितलं. या प्रकरणाची सगळी कायदेशीर लायकी तेवढीच होती.

त्या दिवशीही ४२६ क्रमांकाचं विधेयक सिनेटच्या समितीतच होतं.

२३ फेब्रुवारी, दुपारी १:०४: अकरा मिनिटं आधी

आर्बरी घरात शिरतो. अंगात पांढरा टी-शर्ट, हाफ पँट, पायांत धावायचे बूट. खिशात पाकीट नाही, फोन नाही, किल्ल्याही नाहीत.

१:०८: सात मिनिटं आधी

रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला. एक जण बांधकामात शिरलाय. पलीकडच्या कर्मचाऱ्याने विचारलं, दार फोडून शिरतोय का? नाही, सगळं उघडंच आहे. बोलणं चालू असतानाच आर्बरी बाहेर पडून पळायला लागला, तेही शेजाऱ्याने सांगितलं. त्यावर त्या कर्मचाऱ्याने म्हटलं: मी पोलीस पाठवतो, पण तो नेमकं चुकीचं काय करत होता ते मला कळायला हवं.

या सगळ्या घटनाक्रमात हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फोन उचलणाऱ्या कर्मचाऱ्याला तो सुचला. त्याला समाधानकारक उत्तर मिळालं नाही, आणि पुढच्या सात मिनिटांत तो दुसऱ्या कोणी विचारलाही नाही.

१:१० च्या सुमारास: पाच मिनिटं आधी

ग्रेग घराबाहेर आपल्या बोटीचं काम करत बसला होता. समोरून आर्बरी धावत गेला. ग्रेग आत गेला, मुलाला हाक मारली. ट्रॅव्हिसने शॉटगन घेतली, बापाने रिव्हॉल्व्हर. पोलिसांना फोन करण्याआधी दोघं पांढऱ्या फोर्ड ट्रकमध्ये चढले.

त्या ट्रकच्या पुढच्या बाजूला एक हौशी पाटी होती. तिच्यावर जॉर्जियाचा जुना झेंडा, ज्यात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचं युद्धचिन्ह होतं. राज्याने तो झेंडा २००१ साली उतरवला. १९५६ मध्ये, शाळांतलं वर्णविभाजन मोडा असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यानंतर दोनच वर्षांत, तो चढवला गेला होता. धावणाऱ्या मुलाच्या समोर ट्रक आडवा आला तेव्हा आधी ती पाटी येत होती.

बर्फोर्ड रोडवरच्या ओसरीतून विल्यम ब्रायन याने हे पाहिलं. कोण, कशासाठी, काही ठाऊक नसताना त्याने आपला ट्रक काढला आणि पाठलागात उतरला. आर्बरीला रस्त्याबाहेर ढकलण्याचा प्रयत्न त्याने एकाहून अधिक वेळा केला, ही त्याची स्वतःची कबुली. नंतर त्याच्या ट्रकवर आर्बरीच्या तळहाताचा ठसा मिळाला आणि टी-शर्टचे धागे मिळाले. इतक्या जवळून ट्रक गेला होता.

आर्बरी वळला, परत फिरला, पुन्हा वळला. पाच मिनिटांत तो कोणाशी एक शब्द बोलला नाही. धमकी नाही, शिवी नाही, मदतीसाठी हाकही नाही. हाक मारून येणारं तिथे कोण होतं? आपण त्याला उंदरासारखं कोंडलं होतं, असं ग्रेगने पोलिसांना सांगितल्याची साक्ष पुढे न्यायालयात झाली.

१:१४: एक मिनिट आधी

आता कुठे ग्रेगने ९११ लावला. काय अडचण आहे, असं पलीकडून विचारलं गेलं. त्याचं उत्तर ध्वनिमुद्रित आहे: इथे सटिला शोअर्समध्ये एक काळा माणूस रस्त्यावरून पळतोय.

चोरी झाली असं तो म्हणाला नाही. कोणी जखमी आहे, कोणाच्या जिवाला धोका आहे, असं काही त्याच्या तोंडून आलं नाही. काळा माणूस रस्त्यावरून पळतोय, हीच त्याची तक्रार.

१:१५

होम्स रोड आणि सटिला ड्राइव्हच्या कोपऱ्याजवळ पांढरा ट्रक थांबलेला. ट्रॅव्हिस शॉटगन घेऊन खाली उतरलेला, ग्रेग मागच्या हौद्यात उभा, फोन हातात. मागून ब्रायनचा ट्रक, आणि ब्रायनचा मोबाइल चित्रीकरण करतोय. आर्बरी ट्रकला उजवीकडून वळसा घालून पुढे येतो. ट्रॅव्हिस आडवा येतो. झटापट, आणि तीन गोळ्या. आर्बरी काही पावलं धावतो आणि रस्त्यावर तोंडघशी पडतो.

त्यानंतरचे तास

पोलीस क्षणांतच पोचले. तिघांनी जबाब दिले आणि तिघं घरी गेले. ग्रेगने घटनास्थळावरूनच आपल्या जुन्या वरिष्ठ, जिल्हा सरकारी वकील जॅकी जॉन्सन यांच्या फोनवर निरोप ठेवला: जमेल तितक्या लवकर फोन करा. संध्याकाळी आर्बरीची आई वांडा कूपर-जोन्स यांना पोलिसांचा फोन आला. तुमचा मुलगा घरफोडी करताना घरमालकाच्या हातून मारला गेला, असं आपल्याला सांगण्यात आलं, हे त्या पुढे जाहीरपणे सांगत आल्या आहेत. घरमालक त्या दिवशी तिथे नव्हताच.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या जिल्ह्याचे सरकारी वकील जॉर्ज बार्नहिल यांनी पोलिसांना कळवलं की अटकेचं कारण दिसत नाही. जॉन्सन बाजूला झाल्या आणि प्रकरण रीतसर बार्नहिल यांच्याकडे आलं. त्यांचा मुलगा जॉन्सन यांच्याच कार्यालयात काम करत होता. २ एप्रिलच्या पत्रात बार्नहिल यांनी नागरिकाने केलेल्या अटकेच्या कायद्याचा आधार दिला. तो कायदा १८६३ सालचा, यादवी युद्धाच्या ऐन मध्यातला, जॉर्जियात गुलामगिरी चालू असतानाचा. दीडशे वर्षं जुना तो कायदा हाताशी तयार होता. 'का निवडलं' असं विचारणारा कायदा मात्र समितीत अडकला होता.

एक सरकारी वकील गेले, दुसरे गेले, तिसरे आले. मार्च सरला, एप्रिल सरला. ५ मे रोजी ब्रायनचं चित्रीकरण एका स्थानिक रेडिओ केंद्राच्या माध्यमातून बाहेर आलं आणि काही तासांत जगभर पोचलं. राज्याच्या तपास यंत्रणेने प्रकरण हाती घेतलं आणि दोन दिवसांत बाप-लेकाला अटक झाली. खुनाला ७४ दिवस झाले होते. नवीन पुरावा काहीही नव्हता. तेच चित्रीकरण पोलिसांकडे पहिल्या दिवसापासून होतं. आणखी दोन आठवड्यांनी ब्रायनलाही अटक झाली. ८ मे हा आर्बरीचा सव्विसावा वाढदिवस असता.

जून २०२०: चार महिने नंतर

करोनामुळे थांबलेलं अधिवेशन जूनच्या मध्यात पुन्हा भरलं. मधल्या काळात मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसाच्या हातून खून झाला होता आणि अटलांटाचे रस्ते माणसांनी भरले होते. सिनेटच्या समितीने अखेर ती फाइल उघडली, पण संरक्षित गटांच्या यादीत पोलिसांनाही घालून. त्यावर सगळं मोडता मोडता वाचलं. पोलिसांची तरतूद वेगळ्या विधेयकात नेण्यात आली. २३ जूनला सिनेटने ४७ विरुद्ध ६ मतांनी विधेयक मंजूर केलं आणि त्याच दिवशी प्रतिनिधीगृहाने १२७ विरुद्ध ३८ मतांनी. २६ जूनला गव्हर्नर ब्रायन केम्प यांची सही झाली. गंभीर गुन्ह्यात द्वेष सिद्ध झाला तर किमान दोन वर्षं वाढीव कैद, ठरावीक किरकोळ गुन्ह्यांत सहा ते बारा महिने, शिवाय पाच हजार डॉलरपर्यंत दंड. पोलिसांना अशा घटनांची लेखी नोंद ठेवणंही बंधनकारक झालं. पुढच्या वर्षी १८६३ चा तो अटकेचा कायदाही रद्द झाला.

हेट क्राइमचा हा नवा कायदा ज्याच्यामुळे झाला, त्याच्या खुन्यांना तो लागू होऊ शकत नव्हता. आज केलेल्या कायद्याने कालच्या गुन्ह्याची शिक्षा वाढवता येत नाही. हे तत्त्व अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे, आपल्याही आहे, आणि ते असायलाच हवं. पंधरा वर्षांच्या दिरंगाईची भरपाई करायला कोणत्याही न्यायालयाकडे अधिकार नव्हता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याच्या न्यायालयात तिघंही खुनात दोषी ठरले. अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय असे ज्यूरी होते. सरकारी वकिलांनी तिथे वर्णद्वेषाचा मुद्दा जवळपास बाजूलाच ठेवला. सिद्ध करायची कायद्याची सक्ती नव्हती आणि ज्यूरी बिथरण्याची भीती होती. ७ जानेवारी २०२२ ला शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीश टिमथी वॉल्मस्ली एक मिनिट गप्प बसले. आर्बरी पाच मिनिटं पळत होता, त्याचा हा केवळ एक अंश, असं त्यांनी सांगितलं. ते एक मिनिट मी चित्रफितीत घड्याळ लावून पाहिलं. फार लांबतं. बाप-लेकाला पॅरोलविना जन्मठेप झाली, ब्रायनला तीस वर्षांनी पॅरोलची शक्यता ठेवून जन्मठेप.

'का' हा प्रश्न विचारला गेला तो पुढच्या महिन्यात, केंद्र सरकारच्या खटल्यात, देशपातळीवरच्या कायद्यामुळे. सार्वजनिक रस्ता वापरण्याचा आर्बरीचा हक्क त्याच्या वर्णामुळे हिरावला का, हे तिथे सिद्ध करावं लागणार होतं. तेव्हा कुठे आरोपींचे वर्षानुवर्षांचे फोनवरचे संदेश आणि समाजमाध्यमांवरचं लिखाण न्यायालयात वाचून दाखवलं गेलं. कृष्णवर्णीयांना ते खाजगीत काय म्हणत होते, त्यांच्याविषयी काय इच्छित होते, ते सगळं नोंदीवर आलं. २२ फेब्रुवारी २०२२ ला, दुसऱ्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी, ज्यूरीने तिघांना दोषी ठरवलं. बाप-लेकाच्या जन्मठेपेवर जन्मठेप चढल्याने त्यांच्या कैदेचा एक दिवसही वाढला नसेल. वांडा कूपर-जोन्स यांनी तरीही हा खटला चालावा म्हणून जिवाचं रान केलं होतं. मधे केंद्र सरकारच्या वकिलांनी बाप-लेकाशी कबुलीजबाबाची तडजोड केली, तेव्हा ती फेटाळा, असं त्यांनी न्यायाधीशांपुढे उभं राहून सांगितलं, आणि ती फेटाळली गेली. आपला मुलगा कशामुळे मेला हे भर न्यायालयात पुराव्यानिशी मांडलं जावं, हा त्यांचा आग्रह होता. मला तो पूर्ण पटतो.

जॉर्जियाच्या सीमेला लागून साउथ कॅरोलायना आहे. तिथल्या चार्ल्सटन शहरात १७ जून २०१५ च्या रात्री चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घातल्या. मेलेल्यांत चर्चचे पाद्री क्लेमेंटा पिंकनी होते. ते राज्याच्या सिनेटचे सदस्यही होते. मारेकऱ्यावर द्वेषगुन्ह्याचा खटला केंद्राच्या कायद्याने चालला, कारण राज्याकडे असा कायदा नव्हता. पिंकनी यांच्या नावाचं विधेयक तिथल्या प्रतिनिधीगृहाने २०२१ मध्ये मंजूर केलं, २०२३ मध्ये पुन्हा केलं. दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये अडलं, ज्या सभागृहात पिंकनी स्वतः बसत होते.